घटक ६ : संतत वितरणांवरील संभाव्यतेची उदाहरणे

प्रास्ताविक

मागील घटकात आपण द्विपद व प्वासाँ या दोन खंडित वितरणांचा परिचय करून घेतला. दहा नाण्यांपैकी किती नाण्यांवर छापा येईल, एका तासात किती वाहने नाक्यावरून जातील, अशा प्रश्नांची उत्तरे शून्य, एक, दोन अशा पूर्ण संख्यांत येतात. व्यवहारातील कित्येक राशी मात्र अशा मोजता येत नाहीत. त्या मापाव्या लागतात. दुधातील फॅट, पिशवीत भरलेल्या दुधाचे आकारमान, बसची वाट पाहण्यात गेलेला वेळ या राशी दोन मर्यादांमधील कोणतेही मूल्य घेऊ शकतात. त्यांना संतत यादृच्छिक चल म्हणतात.

या घटकातील बहुतेक उदाहरणे संगमनेर तालुक्यातील दुधाच्या व्यवहारातून घेतली आहेत. प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावरील हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते, आणि तालुक्यातील असंख्य कुटुंबांचा महिन्याचा खर्च संकरित गाईंच्या दुधावर चालतो. ‘राजहंस’ या नावाने दूध विकणारा तालुक्याचा सहकारी दूध संघ याच भागातला. आपल्यापैकी अनेकजण सकाळी डेअरीवर दूध घालून मगच पुस्तक उघडत असतील. संकलन केंद्रावर हाती पडणाऱ्या पावतीवर फॅट, एसएनएफ, लिटर व दर असे चार आकडे असतात. त्यांपैकी पहिल्या आकड्याचाच विचार आपण येथे प्रामुख्याने करणार आहोत. उदाहरणांतील माध्ये व प्रमाण विचलने गणितासाठी गृहीत धरली आहेत. ती कोणत्याही विशिष्ट केंद्राची नाहीत.

संभाव्यता म्हणजे क्षेत्रफळ

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही प्रत आधार मानून ठरविण्याची पद्धत रूढ आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने लिटरमागे ३४ रुपये हा किमान दर जाहीर केला, तोही याच प्रतीसाठी. याचा अर्थ ३.५ ही एक रेषा आहे. पावतीवरचा आकडा तिच्या वर गेला की दर चढतो, खाली गेला की उतरतो. म्हणून उत्पादकाच्या दृष्टीने विचारण्याजोगा प्रश्न असा : एखाद्या सकाळी माझ्या दुधाचे फॅट ३.५ पेक्षा कमी येण्याची संभाव्यता किती?

खंडित चलाच्या बाबतीत आपण प्रत्येक मूल्याची संभाव्यता काढून तिची बेरीज करीत होतो. येथे तसे करता येत नाही. फॅट नेमके ३.५००००… असण्याची संभाव्यता शून्य असते, कारण त्याच्या आसपास अगणित मूल्ये आहेत आणि त्यांतील एका बिंदूच्या वाट्याला काहीच येत नाही. संतत चलासाठी आपण एक वक्र काढतो. त्याला घनता फलनाचा वक्र म्हणतात. वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ १ असते आणि कोणत्याही दोन मूल्यांमधील क्षेत्रफळ ही त्या पट्ट्याची संभाव्यता असते.

वक्राची उंची म्हणजे संभाव्यता नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. उंची १ पेक्षा जास्तही असू शकते. प्रमाण विचलन ०.२ असलेल्या प्रसामान्य वक्राची मध्यावरील उंची जवळजवळ २ भरते. परीक्षेत उंची वाचून उत्तर लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी आढळतात, म्हणून हा मुद्दा मुद्दाम सांगितला.

यावर एक शंका आपल्या मनात येईल. ३.५ असण्याची संभाव्यता शून्य असेल, तर पावतीवर ३.५ हा आकडा वारंवार कसा दिसतो? याचे कारण यंत्र एकच दशांश स्थळ दाखवते. आकडा पूर्णांकित होत असेल, तर पावतीवरील ३.५ म्हणजे ३.४५ ते ३.५५ हा पट्टा होय, आणि पट्ट्याला क्षेत्रफळ असते. ही बाब क्षुल्लक वाटली तरी तिच्यावर पैसे अवलंबून असतात. ते कसे, हे आपण लवकरच पाहू.

प्रसामान्य वितरण

मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना सारख्याच उताराने खाली येणारा घंटेच्या आकाराचा वक्र म्हणजे प्रसामान्य वितरणाचा वक्र. १७३३ मध्ये अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाला द्विपद वितरणाचे अंदाज सोप्या रीतीने काढताना तो सापडला. पुढे १८०९ मध्ये गाउस यांनी खगोलीय निरीक्षणांतील चुकांसाठी त्याचा उपयोग केला. ‘प्रसामान्य’ या नावाने मात्र फसू नये. या वितरणाप्रमाणे न वागणारी राशी काही असामान्य किंवा सदोष ठरत नाही. निसर्गातील पुष्कळ राशी त्याप्रमाणे वागत नाहीत.

मग फॅटसाठी हे वितरण का वापरावे? अनेक लहान लहान, परस्परांवर फारशा अवलंबून नसलेल्या कारणांची बेरीज होऊन एखादी राशी घडते, तेव्हा ती प्रसामान्य वितरणाच्या जवळ जाते. आज गाईने वैरण किती खाल्ली, हिरवा घास अधिक होता की मुरघास, दोन धारांमध्ये किती तास गेले, शेवटच्या धारा पूर्ण काढल्या की नाही, नमुना घेताना दूध नीट ढवळले का, अशी ही कारणे आहेत. शेवटच्या धारांत फॅट अधिक असते, हे जुन्या माणसांना यंत्राविनाही माहीत होते. यांपैकी कोणतेही एक कारण प्रबळ नसेल, तर दररोजच्या नोंदी घंटेच्या आकारात मांडल्या जातात.

या वितरणाला दोनच संख्या पुरतात. माध्य वक्राचे स्थान ठरवते आणि प्रमाण विचलन त्याचा पसरटपणा. माध्यापासून दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन इतक्या अंतरात सुमारे ६८ टक्के, दोन प्रमाण विचलनांत सुमारे ९५ टक्के आणि तीनमध्ये ९९.७ टक्के क्षेत्रफळ येते.

प्रत्येक माध्य व प्रमाण विचलनासाठी वेगळी सारणी छापणे शक्य नाही. म्हणून कोणतेही मूल्य माध्यापासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते काढतात. या अंतराला झेड-मूल्य म्हणतात.

झेड = (क्ष − माध्य) ÷ प्रमाण विचलन

या घटकापुरती लागणारी सारणी पुढे दिली आहे. दिलेल्या झेड-मूल्याच्या डावीकडचे क्षेत्रफळ तीत आहे.

झेड ०.०० : ०.५०००
झेड ०.५० : ०.६९१५
झेड ०.७५ : ०.७७३४
झेड १.०० : ०.८४१३
झेड १.२५ : ०.८९४४
झेड १.५० : ०.९३३२
झेड १.६४५ : ०.९५००
झेड २.०० : ०.९७७२
झेड २.३३ : ०.९९०१

ऋण झेड-मूल्यासाठी वेगळी सारणी नको. वक्र सममित असल्यामुळे −१ च्या डावीकडचे क्षेत्रफळ हे १ च्या उजवीकडच्या क्षेत्रफळाइतकेच असते, म्हणजे १ − ०.८४१३ = ०.१५८७.

उदाहरण १. एका उत्पादकाच्या सकाळच्या दुधातील फॅटचे माध्य ३.७ व प्रमाण विचलन ०.२ असून वितरण प्रसामान्य आहे. फॅट ३.५ पेक्षा कमी येण्याची संभाव्यता काढा.

प्रथम आकृती काढावी. घंटेचा वक्र काढून मध्ये ३.७ लिहावे, डावीकडे ३.५ वर उभी रेषा मारावी आणि तिच्या डावीकडचा भाग छायांकित करावा. आकृती कच्ची असली तरी चालेल. पण ती न काढता सारणीकडे धावू नये. या प्रकारच्या गणितांत होणाऱ्या बहुतेक चुका उजवे-डावे ओळखण्याच्या असतात, आकडेमोडीच्या नव्हे. छायांकित भाग अर्ध्याहून लहान दिसतो, म्हणून उत्तर ०.५ पेक्षा कमी येणार, हे आधीच कळते.

झेड = (३.५ − ३.७) ÷ ०.२ = −१
सं(क्ष < ३.५) = ०.१५८७

म्हणजे तीस सकाळींपैकी सरासरी ४.७६, सुमारे पाच सकाळी, फॅट रेषेखाली जाईल. सरासरी ३.७ असलेल्या उत्पादकाला ‘माझे दूध तर चांगले आहे’ असे वाटते, आणि ते खरेही आहे. तरीही महिन्यातील पाच पावत्यांवर त्याला कमी दर मिळतो. त्याच्या शेजाऱ्याचे माध्य बरोबर ३.५ असेल, तर त्याचे झेड-मूल्य शून्य येते व निम्म्या सकाळी तो रेषेखाली जातो. केवळ सरासरी सांगणारे विधान किती अपुरे असते, हे येथे दिसते.

आता मघाच्या पूर्णांकनाकडे वळू. वरील उत्तर यंत्राने दुसरे दशांश स्थळ सरळ सोडून दिले, म्हणजे ३.४९ ला ३.४ म्हटले, तर लागू पडते. यंत्र योग्य रीतीने पूर्णांकन करीत असेल, तर ३.४५ पासून पुढच्या प्रत्येक मूल्याला पावतीवर ३.५ मिळते. तेव्हा रेषेखालची पावती येण्यासाठी फॅट ३.४५ पेक्षा कमी हवे.

झेड = (३.४५ − ३.७) ÷ ०.२ = −१.२५
सं(क्ष < ३.४५) = १ − ०.८९४४ = ०.१०५६

तीस सकाळींत हे प्रमाण ३.१७ भरते. म्हणजे दूध तेच, गाय तीच. पण दुसरे दशांश स्थळ सोडून देण्याच्या एका सवयीमुळे महिन्याला दीड-एक सकाळीचा फरक पडला. पावतीवर नेमके ३.५ येण्याची संभाव्यताही आता काढता येईल. ३.५५ चे झेड-मूल्य −०.७५ येते, त्याच्या डावीकडचे क्षेत्रफळ ०.२२६६. त्यातून ०.१०५६ वजा केले की ०.१२१० उरते. शून्य नव्हे, बारा टक्के.

उलट दिशेची गणिते

आतापर्यंत मूल्य दिलेले होते व क्षेत्रफळ काढायचे होते. व्यवहारात बहुधा उलट प्रश्न पडतो : रेषेखाली जाण्याची संभाव्यता फक्त ५ टक्के ठेवायची असेल, तर काय करावे? अशा वेळी सारणी आतून बाहेर वाचावी लागते. क्षेत्रफळांच्या स्तंभात ०.९५०० शोधला की त्याच्यासमोर १.६४५ मिळते. आपली रेषा माध्याच्या डावीकडे असल्याने झेड = −१.६४५.

उदाहरण २. (अ) प्रमाण विचलन ०.२ च राहणार असेल, तर माध्य किती हवे?

(३.५ − माध्य) ÷ ०.२ = −१.६४५; म्हणून माध्य = ३.५ + ०.३२९ = ३.८२९, म्हणजे सुमारे ३.८३.

(आ) माध्य ३.७ च राहणार असेल, तर प्रमाण विचलन किती हवे?

(३.५ − ३.७) ÷ प्रमाण विचलन = −१.६४५; म्हणून प्रमाण विचलन = ०.२ ÷ १.६४५ = ०.१२.

दोन्ही मार्गांनी फळ एकच मिळते. खर्च मात्र वेगळा येतो. माध्य ३.७ वरून ३.८३ वर नेणे म्हणजे जनावर बदलणे, पेंड वाढवणे, आहार सुधारणे. प्रमाण विचलन कमी करणे म्हणजे धारांच्या वेळा पाळणे, वैरणीत एकाएकी बदल न करणे, शेवटच्या धारा न सोडणे, नमुना घेण्यापूर्वी दूध ढवळणे. दुसऱ्या मार्गाला पैसा कमी आणि शिस्त जास्त लागते. सल्ला देणारे लोक माध्याबद्दलच बोलतात, प्रमाण विचलनाकडे कोणी पाहत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उलट गणिताचा हाच प्रकार पिशव्या भरण्याच्या यंत्राला लागू होतो. अर्ध्या लिटरच्या पिशवीत यंत्र दर वेळी अगदी ५०० मिलिलिटर दूध सोडू शकत नाही. प्रमाण विचलन २ मिलिलिटर असेल आणि शंभरात एकच पिशवी ५०० च्या खाली चालणार असेल, तर माध्य ५०० + २.३३ × २ = ५०४.६६ वर ठेवावे लागते. यंत्र सुधारून प्रमाण विचलन १ वर आणले की ५०२.३३ पुरते. पिशवीमागे २.३३ मिलिलिटर वाचले. लाख पिशव्यांमागे २३३ लिटर. कायदा इतका कठोर नाही. वैध मापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांत ५०० मिलिलिटरला ३ टक्के, म्हणजे १५ मिलिलिटर इतकी कमाल चूक एखाद्या पिशवीत क्षम्य धरली आहे. मात्र सर्व पिशव्यांची सरासरी छापील मापाहून कमी असता कामा नये.

यंत्राची चूक आणि दुधाचा चढउतार

पावतीवरील आकडा हे दुधाचे खरे फॅट नसते. खरे फॅट आणि मापनातील चूक यांची ती बेरीज असते. गर्बर पद्धतीत आम्ल घालून, नळी अपकेंद्री यंत्रात फिरवून चरबीचा थर डोळ्यांनी वाचतात, तेव्हाही थोडी चूक होतेच; विद्युत यंत्रावरही होते. यंत्र कोणत्याच बाजूला झुकलेले नसेल, तर चुकीचे माध्य शून्य असते. अनेकांना वाटते, की अशी चूक कधी फायद्याची, कधी तोट्याची ठरते, शेवटी हिशेब बरोबर होतो. तो होतो का, हे पाहू.

दोन स्वतंत्र प्रसामान्य चलांची बेरीजही प्रसामान्य असते. मात्र प्रमाण विचलनांची थेट बेरीज करता येत नाही. त्यांच्या वर्गांची, म्हणजे प्रचरणांची, बेरीज होते.

उदाहरण ३. दुधाच्या खऱ्या फॅटचे माध्य ३.७ व प्रमाण विचलन ०.१६ आहे. यंत्राच्या चुकीचे माध्य शून्य व प्रमाण विचलन ०.१२ आहे. पावतीवरील आकडा रेषेखाली जाण्याच्या संभाव्यतेत यंत्रामुळे किती वाढ होते?

एकूण प्रचरण = ०.०२५६ + ०.०१४४ = ०.०४००, म्हणून प्रमाण विचलन ०.२. पावतीसाठी संभाव्यता पूर्वीप्रमाणेच ०.१५८७. यंत्र निर्दोष असते, तर झेड = −०.२ ÷ ०.१६ = −१.२५ आणि संभाव्यता ०.१०५६. (हे आकडे पूर्णांकनाच्या गणितातही आले होते, तो केवळ योगायोग आहे.)

म्हणजे कोणाचाही अप्रामाणिकपणा नसताना, यंत्र सरासरीने अचूक असतानाही, चांगल्या उत्पादकाच्या रेषेखालच्या पावत्या दहा-साडेदहा टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर गेल्या. ज्याचे माध्य रेषेच्या खाली आहे, त्याला हीच चूक लाभदायक ठरते, कारण ती त्याला अधूनमधून वर ढकलते. रेषेखाली होणारी कपात व रेषेवर मिळणारी वाढ सारख्याच दराने होत असतील, तर उत्पादकाचा महिन्याचा हिशेब खरोखरच बरोबर होतो. कपात मोठी व वाढ लहान असेल, तर होत नाही. वाद घालायचा असेल तर तो या ठिकाणी घालावा.

दररोजच्या आकड्याऐवजी दहा दिवसांच्या सरासरीवर दर ठरविला तर? दहा स्वतंत्र नोंदींच्या सरासरीचे प्रमाण विचलन ०.२ ÷ √१० = ०.०६३ होते. झेड = −०.२ ÷ ०.०६३ = −३.१६, आणि त्याच्या डावीकडचे क्षेत्रफळ सुमारे ०.०००८. सोळा टक्क्यांचा धोका हजारात एकाच्याही खाली आला. नियमातील एका शब्दाने केवढा फरक पडतो! मात्र ‘स्वतंत्र’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. उन्हाचा तडाखा आठवडाभर टिकतो, संपलेला मुरघास दुसऱ्या दिवशी परत येत नाही. त्यामुळे लागोपाठच्या दिवसांचे फॅट एकमेकांसारखे असते. अशा वेळी सरासरीचे प्रमाण विचलन ०.०६३ पेक्षा मोठे राहते व धोका इतका कमी होत नाही. यंत्राची चूक दिवसागणिक स्वतंत्र असण्याचा संभव अधिक, म्हणून सरासरीने तीच जास्त पुसली जाते.

रेषा कोठे आखावी : दांडेकर–रथ आणि सुखात्मे

घंटेच्या वक्रावर रेषा आखण्याचा प्रश्न दुधाच्या दरापुरता नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात आपण दारिद्र्यरेषा शिकला असाल. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दरडोई दररोज २२५० उष्मांक हा निकष घेतला होता. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते व निवृत्तीनंतर पुण्यात राहिले.

सुखात्मे यांचा मुद्दा उदाहरण १ मधील शेजाऱ्याच्या मुद्द्याशी जुळतो. निरोगी माणसांची उष्मांकांची गरज सारखी नसते; ती एका माध्याभोवती पसरलेली असते. माध्यावरच रेषा आखली, तर स्वतःच्या गरजेपुरते जेवणाऱ्या निरोगी माणसांपैकीही निम्मे कुपोषित ठरतील. म्हणून रेषा माध्यापासून दोन प्रमाण विचलने खाली घ्यावी, असे त्यांनी सुचविले. आपल्या सारणीप्रमाणे झेड = −२ च्या डावीकडे ०.०२२८ इतकेच क्षेत्रफळ असते. म्हणजे निरोगी माणसाला चुकून कुपोषित म्हणण्याचा धोका सव्वादोन टक्क्यांवर येतो. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, असाही त्यांचा युक्तिवाद होता.

टीकाकारांना याच सारणीतून उत्तर मिळते. त्या खालच्या रेषेच्या वर ९७.७२ टक्के लोकांची गरज आहे. रेषेहून किंचित अधिक उष्मांक मिळणारा माणूस सुखात्मे यांच्या मोजणीतून सुटतो. पण त्याची स्वतःची गरज माध्याइतकी असेल, तर तो उपाशीच आहे. एक रेषा निरोग्यांना विनाकारण मोजते, दुसरी भुकेल्यांना वगळते. रेषा सरकवून एक चूक कमी केली की दुसरी वाढते. दोन्ही एकदम शून्य करता येत नाहीत. कोणती चूक अधिक महाग, हे सारणी सांगत नाही. ते ठरविल्यावाचून रेषा आखणाऱ्याने ‘हे शास्त्रीय आहे’ एवढेच म्हणणे अपुरे आहे.

प्रसामान्य नसलेली वितरणे

उदाहरण ४. संगमनेरच्या बसस्थानकावरून एका मार्गावर बरोबर २० मिनिटांनी बस सुटते. वेळापत्रक न पाहता आलेल्या प्रवाशाला १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागण्याची संभाव्यता किती?

प्रवासी दोन बसेसमधील कोणत्याही क्षणी येऊ शकतो व कोणताही क्षण दुसऱ्याहून अधिक संभवनीय नाही. म्हणून थांबण्याचा वेळ ० ते २० या अंतरात एकरूप वितरित आहे. येथे वक्र म्हणजे सपाट आडवी रेषा, तिची उंची १/२०. क्षेत्रफळ = ५ × १/२० = ०.२५. सरासरी प्रतीक्षा १० मिनिटे. सारणीची गरजच नाही.

आता समजा, चंदनापुरी घाटातील वाहतूक व इतर कारणांमुळे बसेस अगदी अनियमित येतात. दोन बसेसमधील अंतर सरासरीने २० मिनिटेच आहे, पण पुढची बस केव्हा येईल याचा मागची केव्हा गेली याच्याशी संबंध उरलेला नाही. अशा वेळी घातांकी वितरण वापरतात. त्याचा वक्र शून्यापाशी सर्वांत उंच असतो व उजवीकडे उतरत जातो. त्याचे सूत्र सोपे आहे. सरासरी म असेल, तर ट पेक्षा अधिक वेळ थांबावे लागण्याची संभाव्यता म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथमच्या पायाचा (२.७१८२८) −ट/म हा घात.

सं(क्ष > १५) = (२.७१८२८) चा −०.७५ वा घात = ०.४७२४

पाव होते ते जवळजवळ निम्मे झाले. सरासरी प्रतीक्षाही १० ऐवजी २० मिनिटे होते. हे प्रथम पटत नाही. दोन बसेसमधील अंतर सरासरी २० मिनिटे असताना प्रतीक्षाही २० मिनिटे कशी? कारण अंतरे लहानमोठी झाली, की अवेळी येणारा प्रवासी मोठ्या अंतरात सापडण्याची शक्यता अधिक. मोठे अंतर घड्याळाचा अधिक भाग व्यापते. बसेसची संख्या तीच असूनही प्रवाशाचा जाच दुप्पट होतो. येथेही माध्य न बदलता केवळ विचलनाने नुकसान केले.

घातांकी वितरणाला स्मृती नसते. २० मिनिटे थांबून झाल्यावर आणखी १५ मिनिटांहून अधिक थांबावे लागण्याची संभाव्यता पुन्हा ०.४७२४ च. ‘इतका वेळ थांबलो, आता येईलच’ हे वाक्य अनियमित बसबद्दल खरे नाही. नियमित बसबद्दल मात्र अगदी खरे आहे.

याच प्रश्नाला कोणी प्रसामान्य वितरण लावले तर काय होईल? घातांकी वितरणात प्रमाण विचलन माध्याइतकेच, म्हणजे २० असते. शून्याचे झेड-मूल्य −१ येते, आणि प्रतीक्षा शून्यापेक्षा कमी असण्याची संभाव्यता ०.१५८७ निघते. उणे मिनिटे कोणी थांबत नाही. म्हणून एक सोपी चाचणी लक्षात ठेवावी : राशी ऋण होऊ शकत नसेल आणि माध्यातून दोन प्रमाण विचलने वजा करता उत्तर शून्याच्या खाली जात असेल, तर प्रसामान्य वितरण लावू नये. फॅटच्या उदाहरणात ३.७ − ०.४ = ३.३, तेथे हरकत नाही. संगमनेरच्या रोजच्या पावसाला मात्र ते मुळीच चालत नाही, कारण बहुसंख्य दिवस कोरडे असतात व थोड्या दिवसांत बराच पाऊस पडून जातो.

दुसरी फसगत मिश्रणाची. गाईच्या दुधात फॅट साधारण साडेतीन-चार आणि म्हशीच्या दुधात सहा-सात असते. दोन्ही प्रकारच्या पावत्या एकत्र करून माध्य काढले, तर ते पाचच्या आसपास येईल. आलेख काढून पाहिला, की दोन शिखरे दिसतील व पाचपाशी खळगा असेल. ते फॅट कोणत्याच जनावराचे नाही. सारणी उघडण्यापूर्वी नोंदींचा आलेख पाहणे एवढ्यासाठी आवश्यक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. फॅटचे माध्य ३.८ व प्रमाण विचलन ०.१५ आहे. फॅट (अ) ३.५ पेक्षा कमी, (आ) ३.६५ ते ४.१ या दरम्यान असण्याची संभाव्यता काढा.

२. दुधाच्या फॅटचे माध्य ३.६३ व प्रमाण विचलन ०.२४, यंत्राच्या चुकीचे माध्य शून्य व प्रमाण विचलन ०.१०. पावतीवरील आकडा ३.५ पेक्षा कमी येण्याची संभाव्यता किती? (पूर्णांकन विचारात घेऊ नये.)

३. शीतकरण केंद्रातील वीज खंडित होण्याच्या दोन घटनांमधील कालावधी घातांकी असून त्याची सरासरी १० दिवस आहे. ३० दिवस वीज अखंड राहण्याची संभाव्यता काढा. २० दिवस अखंड राहिली असता पुढील १० दिवसही राहण्याची संभाव्यता किती?

४. दुधाचा टँकर सकाळी ६ ते ७.३० या वेळेत केव्हाही येतो. तो ७.१० नंतर येण्याची संभाव्यता किती?

५. आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या उत्पादकाच्या एकाच वेळेच्या (सकाळच्या किंवा सायंकाळच्या) तीस पावत्या घेऊन फॅटचे माध्य व प्रमाण विचलन काढा. माध्याच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन अंतरात किती पावत्या येतात ते मोजा. वितरण प्रसामान्य असेल, तर ही संख्या वीसच्या आसपास यावी. ती फार वेगळी आली, तर नोंदी तारखेच्या क्रमाने मांडून कारण शोधा.

उत्तरे : १. (अ) ०.०२२८ (आ) ०.८१८५. २. एकूण प्रमाण विचलन ०.२६, झेड −०.५, संभाव्यता ०.३०८५. ३. ०.०४९८, ०.३६७९. ४. २०/९०, म्हणजे सुमारे ०.२२. ५. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल. संपर्क सत्राला येताना पावत्या सोबत आणाव्यात.